निवाडा कुणाच्या अंगणात?

एकदा एका विणकर बाईने बंदरावरच्या व्यापाऱ्याकडून नवा हातमाग घेतला. करारनामा वाचायला तिने गावातल्या आश्रमाच्या आचार्यांच्या शिष्याला बोलावले. शिष्याला आपल्या विद्वत्तेचा भारी अभिमान. वरवर नजर फिरवून तो म्हणाला, “लाकूड पक्कं, वर्षभर दुरुस्ती फुकट. खुशाल अंगठा उठवा, मावशी!”

महिन्याभरातच मागाचा दांडा मोडला. ऐन लग्नसराईत काम ठप्प झाले. व्यापाऱ्याने दुरुस्ती नाकारली नाही. वाद असेल तर निवाडा बंदरावरच्या पंचांपुढेच होईल, ही करारातली शेवटची ओळ त्याने फक्त दाखवली. बंदर चाळीस कोस दूर, आणि बाईची सासू अंथरुणाला खिळलेली. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती ओळ त्याने पाहिली होती, पण निव्वळ उपचार समजून सोडून दिली होती.

त्याने आचार्यांपाशी सारे कबूल केले. पुढे तोच व्यापारी आश्रमाला सहा माग विकायला आला. आचार्य करार तळाकडून वर वाचू लागले. शिष्य बुचकळ्यात पडला. आचार्यांनी ‘बंदरावरच्या पंचांपुढे’ हे शब्द खोडले आणि लिहिले, ‘विणकर बाईच्या अंगणात; तिला आधी विकलेल्या मागाचा निवाडाही तिथेच’.

“महाराज, चाळीस कोस!” व्यापारी कळवळला. “माझं दुकान कोण बघणार?”

“शेटजी, माल पक्का आहे ना? मग यावं कशाला लागेल?”

सहा मागांचा सौदा हातचा जाऊ नये म्हणून व्यापाऱ्याने सही केली. आठव्या दिवशी त्याचा सुतार बाईच्या दारात हजर झाला.

आचार्य शिष्याला म्हणाले, “बाळा, वरच्या ओळी हक्क देतात. तो मागायला किती चालायचं, हे शेवटची ओळ ठरवते. वाट पुरेशी लांब केली, की ‘नाही’ म्हणावंच लागत नाही.”

शिष्य बाईची क्षमा मागायला गेला. मागावरचा धोटा न थांबवता ती म्हणाली, “अरे बाबा, ती ओळ मोठ्यानं वाचली असतीस, तर मीच नको म्हटलं असतं. बंदर माझं माहेर आहे. सहा वर्षांत जाणं झालं नाही.”

त्या दिवसापासून शिष्य प्रत्येक कागद अखेरच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचू लागला.

मोबाईलवर ‘मान्य आहे’ दाबण्याआधी आपणही निवाड्याचे गाव तेवढे पाहून घ्यावे.