सेर्लुंगच्या ओढ्यावरची दुपारची हाक

सेर्लुंगला याल तर ओढ्याच्या काठी एक चुना फासलेला धोंडा दिसेल, माणसाच्या छातीएवढा. त्याच्यासमोर पाय भिजवायला उतरू नका. आधी ऐकून घ्या.

हे गाव मुक्तिनाथाच्याही वर, नेपाळच्या त्या टोकाला. झाड नाही, हिरवळ नाही. डोंगर नुसते भाजल्या मातीचे, आणि पाऊस म्हणजे वर्षातून चार शिंतोडे. माणसं हळू बोलतात, कुत्रीसुद्धा फारशी भुंकत नाहीत. मोठ्यानं ओरडलं की डोंगर जागा होतो आणि दगड खाली सोडतो, अशी इथली जुनी समजूत.

अशा गावात फार वर्षांमागे प्रवरेकाठची दोन माणसं येऊन राहिली, असं सांगतात. लिंबाजी तांबट आणि त्याची बायको अनसा. आली होती यात्रेला. बर्फानं वाट अडली, हिवाळा इथंच गेला. लिंबाजीनं बसल्या बसल्या गावाची तांब्याची भांडी ठोकून दिली, कल्हई लावून दिली. उन्हाळ्यात निघतो म्हणाले, तर मुखिया ढोंडुपनं त्यांना एक घर आणि सातूच्या शेताचा तुकडा दिला. मागं त्यांना तरी कोण होतं? पोर नव्हतं, भावकीनं घर आधीच वाटून घेतलेलं. राहिली.

ठोकाठोकीचा आवाज नको म्हणून गावानं लिंबाजीला ओढ्याकाठी बसवलं. अनसाला या गोष्टीचा राग यायचा. "तुमच्या डोंगराला झोप तरी किती लागते?" असं ती शेजारच्या याङझोम म्हातारीला विचारायची. म्हातारी बोटानं "हळू" म्हणायची आणि तिच्या हातात गरम चहाची वाटी द्यायची.

मग त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी, पहिलं ऊन तापलं आणि ती दुपार आली. आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन कडक. लिंबाजी पलीकडून सरपण आणायला निघाला. सकाळी ओढा घोट्याएवढा होता, ते त्यानं पाहिलेलं. प्रवरेकाठचा माणूस तो. पाणी चढतं ते काळ्या ढगांनी, हेच त्याला जन्मापासून ठाऊक. इथं उलटं आहे. इथं ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं, आणि जितकं आभाळ स्वच्छ तितका ओढा दुपारी माजतो. तो मधोमध पोचला आणि पाणी कमरेला आलं. मग दिसलाच नाही.

अनसा धावत आली तेव्हा पागोटं तेवढं काठाच्या एका खडकाला अडकलेलं होतं. तिनं ते उचललं आणि मान वळवली. घरांच्या सपाट धाब्यांवर माणसं उभी होती. लोकर कातत बसलेली, तशीच उठलेली.

"तुम्ही बघत होता?" तिनं विचारलं.

याङझोम धाब्यावरून उतरून तिच्यापाशी आली. म्हणाली, "आम्हाला वाटलं, त्याला ठाऊक असेल. न विचारता पाहुण्याला शिकवणं बरं दिसत नाही, मुली."

"बरं दिसत नाही? आणि हे बरं दिसतं?" अनसानं ते ओलं पागोटं म्हातारीच्या पायाशी टाकलं.

लोकांना वाटलं, बाई आता मुलखाला परत जाईल. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या धोंड्यावर चढली आणि ओढ्याकडे तोंड करून ओरडली, "थांबा!" काठावर चिटपाखरू नव्हतं. तरी ओरडली. मग रोजच. सकाळी शेतात राबायची, ऊन माथ्यावर आलं की धोंड्यावर.

गाव हादरलं. पोरीबाळी घरात बसू लागल्या. बावीस दिवस सोसून मुखिया स्वतः धोंड्याशी आला.

"बहिणी, तुझ्या नवऱ्याची हातोडी आम्ही सोसली. तुझा गळा नाही सोसवत. डोंगर खाली आला तर गाव जाईल. गप्प राहा, नाहीतर घर सोड."

"त्या दिवशी एकानं तोंड उघडलं असतं तर मी आज घरात चूल पेटवत असते," अनसा म्हणाली. "घर घ्या तुमचं. मी धोंड्यावर राहते."

बोलता बोलता मुखियाची नजर पलीकडे गेली. खालच्या सपाट मुलखातले पाच यात्रेकरू धोतरं खोचून पाण्यात उतरत होते. वर आभाळ निळंशार. त्यानं तोंड उघडलं. पण सगळा जन्म हळू बोलण्यात गेलेला, त्याच्या गळ्यातून वाराच निघाला, म्हणे. त्यानं अनसाकडे पाहिलं.

अनसा अशी ओरडली की दरी भरून गेली. "थांबा रे! माघारी फिरा!" पाचही जण दचकून मागं सरले. शब्द कळला की नाही देव जाणे, आवाज कळला. घटकाभरात पाण्यातून बैलाएवढा दगड गडगडत गेला, बरोबर ते उभे होते तिथून.

मुखिया डोंगराकडे बघत राहिला. डोंगर जागचा हलला नव्हता.

पहाटे पाणी उतरल्यावर अनसा सातूचं पीठ घेऊन पलीकडे गेली. त्या पाचांना खाऊ घातलं आणि हाताला धरून अलीकडे आणलं. हात पुढं करताना ती म्हणाली होती, "या."

त्या दुपारी ती धोंड्याशी आली तर मुखिया आधीच उभा. मान खाली घालून म्हणाला, "तो शब्द मला शिकव." पहिल्या दिवशी त्याचा आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला, आणि अनसा नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली, असं सांगतात. पुढं कैक वर्षांनी ती वारली, त्या दिवशीही दुपारची हाक चुकली नाही. गावानं मयत थांबवलं, आधी हाक दिली.

आजही सेर्लुंगात बर्फ वितळायला लागलं की रोज एका घराची पाळी असते. त्या घरची बाई पहाटे पलीकडे वाटसरूंसाठी बांधलेल्या दगडी खोपटात सातू ठेवून येते आणि दुपारी धोंड्यावर चढते. काठावर कुणी असो वा नसो, ती हाक देते, "थांबा!" हा शब्द कुठल्या मुलखाचा, हे तिला ठाऊक नसतं. पण खोपटात कुणी थांबलेलं असलं तर पहाटे पाणी उतरल्यावर त्याला कसं बोलवायचं, ते तिला ठाऊक असतं. ती म्हणते, "या."