गोजरा शिंपिणीचं अंगडं

बसा सगळे. पाय पोटाशी घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडवू नका. आणि मधे मधे "मग काय झालं" करू नका, मी सांगतेच आहे.

ही गोष्ट किती जुनी ते मला विचारू नका. माझ्या आजीनं ती तिच्या आजीकडून ऐकली होती, एवढं ठाऊक आहे. तेव्हा आपल्या भोकरमाळात गोजरा नावाची एक शिंपीण राहत होती. तिनं जन्मात कधी कोऱ्या कापडाला कात्री लावली नाही, असं म्हणतात. लोकांनी टाकलेलं तेवढं ती उचलायची. फाटकी लुगडी, विरलेली धोतरं, उसवलेली मुंडाशी. आपल्याला ती चिंधी दिसते. गोजरा ती उजेडात धरायची, बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "अगं बाई, हिच्यात अजून किती जीव आहे!" मग विरलेलं कापून काढायचं, धड तेवढं ठेवायचं, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि एकाला एक जोडायचं. लुगडं मधे फाटलं तरी काठ शाबूत असतात. त्या काठांच्या ती चोळ्या शिवायची, आणि चोळ्या तरी कशा! जत्रेत रेशीम नेसून आलेल्या बायका मान वळवून बघायच्या आणि आमच्या गावच्या पोरी मुद्दाम हळू चालायच्या. तिची सुई दोऱ्याशिवाय चालायची, असंही म्हणतात. ते मला काही पटत नाही. दोरासुद्धा ती जुन्या कापडातूनच उसवून काढायची, म्हणून लोकांना तसं वाटलं असणार.

त्याच गावात मोकाशांचं घर होतं. पैसा बख्खळ, आणि घरच्या भीमाक्का नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. "आमच्या घरात जुनेर शिरत नाही," हे त्या येता-जाता ऐकवायच्या. कापड जरा विटलं की परसात नेऊन जाळायच्या. आपलं लुगडं दुसरीच्या अंगावर दिसलं तर काय अब्रू राहिली, म्हणे! त्यांची सून येसू मात्र गुणाची. पण नशीब बघा. तिला तीन लेकरं झाली आणि तिन्ही रांगायच्या आत गेली. प्रत्येकाच्या बारशाला शहरातून रेशमाची अंगडी आली होती, ती तशीच पेटीत राहिली.

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा येसू गोजराच्या ओट्यावर येऊन बसली आणि हमसून हमसून रडली. "गोजराबाई, हे तरी माझ्या पदरात राहू दे. काहीतरी करा."

गोजरानं तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "वहिनी, लेकरं नेणारा जो आहे ना, त्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो वासावर चालतो. प्रत्येक घराला आपला एक वास असतो, तो कापडात मुरतो. रिठ्यानं मळ जातो, तो वास जात नाही. तुमच्या घरात तुमच्याशिवाय दुसरा वासच नाही, म्हणून तो सरळ पाळण्यापाशी येतो. त्याला चकवायचं तर बाळाच्या अंगावर गावातल्या घराघराचं कापड पाहिजे. आणि ते मी आणून चालायचं नाही. तुम्ही मागायचं."

मोकाशांच्या सुनेनं दारोदार मागायचं! पण येसू उठली. तेल्याच्या दारी गेली, कुंभाराच्या दारी गेली, वेशीबाहेरच्या वस्तीतही गेली, जिथे मोकाशांच्या बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं. प्रत्येक दारात पदर पसरून तेच म्हणाली, "जुनं कापड द्या, माझ्या बाळाला." कोणी नाही म्हटलं नाही. वेशीबाहेरच्या सखू म्हातारीनं तर अंगावरच्या लुगड्याचा धड काठ टरकन फाडून दिला. "फाटकं कशाला नेतेस लेकी, चांगलं ने." इकडे भीमाक्कांनी सुनेशी बोलणं टाकलं.

गोजरानं त्या साऱ्या तुकड्यांचं अंगडं शिवलं. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, बाळाला टोचू नयेत म्हणून. येसूला मुलगी झाली, आणि तिला ते अंगडं घातलं. भीमाक्कांनी नातीला मांडीवर घेतलं तशी ती त्यांच्याकडे बघून हसली. झालं, म्हातारी विरघळली! तासन् तास खाली ठेवीना. पण मनात एकच खुपत होतं. पोरीच्या अंगावर साऱ्या गावाचं कापड, आणि आपल्या घरचं काहीच नाही? मग कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी आपल्या शालूचा एक तुकडा अंगड्याच्या गळ्याखाली आतून टाचला. मायेनंच हो, दुसरं काय.

त्याच दिवशी पोरीनं दूध सोडलं. अंग तव्यासारखं तापलं. येसूनं गडी पाठवून गोजराला बोलावलं. गोजरा आली, पोरीला हात लावायच्या आधी तिनं अंगडं चाचपलं, आणि गळ्याशी तिची बोटं थांबली. "हे कुणी लावलं?" भीमाक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. गोजरानं दातांनी टाके तोडले आणि तो तुकडा चुलीत टाकला. पण तोवर तिन्हीसांज झाली होती, आणि नेणारा अंगणात आला होता.

दिसलं कोणालाच काही नाही. नुसतं दाराशी हुंगल्याचं ऐकू आलं, असं म्हणतात. मग आवाज आला, "तेल्याचा वास येतोय. कुंभाराचा येतोय. वेशीबाहेरचाही येतोय. आत्ता मोकाशांचा येत होता, तो कुठं गेला? पोर कोणाची?"

येसूनं पोरीला पदराखाली घेतलं. तेव्हा भीमाक्का उठल्या. उभा जन्म ज्यांनी "आमचं, आमचं" केलं, त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"आमची नाही," त्या म्हणाल्या. "मोकाशांची ती कोणी लागत नाही. गावाची आहे. न्यायची तर गावाला विचार."

आजीनं तोंडानं असं म्हणायचं! काळजाचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

पोर अत्यवस्थ म्हणून अर्धं गाव अंगणात जमलं होतं. तेलीण ओरडली, "माझी आहे!" कुंभारीण ओरडली, "माझी!" सखू म्हातारी तर काठी आपटत पुढे आली. "माझी आहे ती! हात लावून बघ!" नेणारा भांबावला. गल्लीत गेला, एका दाराशी हुंगलं, दुसऱ्या दाराशी हुंगलं, सगळीकडे त्या पोरीचाच वास. शेवटी कंटाळून वेस ओलांडून निघून गेला.

थोड्या वेळानं पोर रडली, आणि दूध प्यायला लागली. अंगणात बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. येसू लेकीला घेऊन बाहेर आली. भीमाक्कांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते पुढे केले नाहीत. सखू म्हातारीकडे वळून त्यांनी विचारलं, "सखूबाई, हिला घेऊ का मी?"

"घ्या की, अक्का," सखू म्हणाली. "गावाचीच आहे."

गोजरा पुढे खूप म्हातारी होऊन गेली. पण भोकरमाळात आजही कोणी कापड जाळत नाही. घरात बाळ येणार असलं की ज्या घरचं बाळ त्या घरची आजी, मग ती सरपंचाची आई का असेना, घरोघर पदर पसरते, आणि बाळाला पहिलं अंगडं त्याच कापडाचं होतं. त्याला गोजराचं अंगडं म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सबाई विचारतात, "बाळ कोणाचं?" आजी म्हणते, "आमचं नाही बाई, गावाचं." नवी नर्स असली तर घाबरते. जुनी असली तर हसते आणि आईचं नाव लिहून घेते. मग आजी बरोबर आलेल्या शेजारणीकडे वळते आणि विचारते, "घेऊ का गं?" शेजारीण हो म्हणेपर्यंत ती बाळाला हात लावत नाही.