पायाला पायाळू लागतो

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि माणसांना घाई नव्हती, तेव्हा कोंडखार गावात आवडू नावाची बाई राहायची. नेमकं किती वर्षांपूर्वी, ते सांगता येत नाही. पंचवीस म्हाताऱ्यांना विचारलंत तर पंचवीस आकडे मिळतील, आणि प्रत्येक जण 'माझ्या आज्याने डोळ्यांनी पाहिलं' म्हणून शपथ घेईल. तेव्हा आकडा सोडून देऊ आणि गोष्ट धरू.

आवडू पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाला जमिनीखालचं कळतं, असं म्हणतात. बहुतेक पायाळूंना काही कळत नाही. लोक विचारतात म्हणून ते जागा दाखवतात, आणि चार हात खणून पाणी लागलं नाही तर आणखी चार हात खणा म्हणतात. आवडूचं तसं नव्हतं. विहीर खणायची असो की घर बांधायचं असो, ती त्या जागी अनवाणी उभी राहायची. पानाचा एक विडा चघळून होईल एवढा वेळ. मग म्हणायची, "आहे." नाहीतर म्हणायची, "नाही." तिसरा शब्द नाही. पण तिने 'आहे' म्हटलेली विहीर कधी आटली नाही आणि 'आहे' म्हटलेली भिंत कधी खचली नाही.

तिचा नवरा धाकू गवंडी होता. त्याचा विश्वास ओळंब्यावर. देव असेल तर असू दे, पण भिंत सरळ उभी राहते ती ओळंब्याने, असं तो म्हणायचा. आवडू रोज सकाळी तळेश्वराच्या पिंडीवर तांब्याभर पाणी घालायची, जमिनीला हात लावायची आणि म्हणायची, "आहे."

"रोज रोज काय बघतेस गो?" धाकू हसायचा. "काल होता तो आज कुठे जाईल?"

"तेच बघते," आवडू म्हणायची.

आता या तळेश्वराबद्दल थोडं सांगायला हवं. देऊळ लहान, पिंडी पाण्याच्या कळशीएवढी. पण ती खाली किती गेलीय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा गावाच्या पणज्यांनी देवाला नवा चौथरा करायचा म्हणून पिंडीच्या बाजूला खणायला घेतलं. एक पुरुषउंची खोल गेले, दोन गेले, सात गेले. पिंडीचा काळा दगड खाली चाललाच होता. आठव्या पुरुषउंचीला पोचताच खणणारे घाईघाईने वर आले, दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळा खड्डा बुजवला, आणि का ते कोणालाच सांगितलं नाही. त्यांतला शेवटचा मरताना गुरवाला एवढंच म्हणाला, की खालून कोणीतरी वर खणत येत होतं. असं म्हणतात. चौथरा मात्र जुनाच राहिला.

कोंडखारची सगळी भातशेती खाडीच्या कडेला, आणि खारं पाणी अडवायला एक लांब बांध. तो बांध एका जागी फुटायचा. नेहमी त्याच जागी. त्या फुटलेल्या जागी, त्या खांडीत, आंब्याची खोडं टाकली, ती गेली. दगड भरलेली जुनी होडी बुडवली, तीही गेली. खाली नुसता काळा चिखल, आणि त्याला तळ नाही. फार पूर्वी आवडू एकदा तिथे उभी राहिली होती आणि "नाही" म्हणून बाजूला झाली होती. पण गावचा खोत अंताजी म्हणाला, बायकांचे पाय चुलीपाशी चालतात, खाडीत नाही. सात वर्षांत त्याने सात वेळा बांध घातला. सातही वेळा तो उधाणाने नेला. एकदा खारं पाणी शिरलं की जमीन तीन वर्षं भात देत नाही. गोड्या विहिरीसुद्धा मचूळ झाल्या. आठ घरांनी चुली उचलल्या आणि गाव सोडलं.

तेव्हा खोताने देवाला कौल लावला.

कौल कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. पिंडीला दोन बाजूंना फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. म्हणजे देव बिचारा होय किंवा नाही एवढंच बोलतो. बाकीचं सगळं विचारणाऱ्याचं असतं. त्या दिवशी खोताने भिवा गुरवाला विचारलं, की बांध टिकावा म्हणून जुनी माणसं काय करायची? गुरव म्हणाला, माझा बाप म्हणायचा, पायाला पायाळू लागतो.

गुरवाच्या बापाला काय म्हणायचं होतं ते उघड आहे. पाया घालायचा तर आधी पायाळूला जागा विचारावी. पण 'लागतो' हा शब्द वाईट आहे. भिंतीला चुना लागतो आणि देवीला बोकडही लागतो. खोताने बोकडाच्या बाजूने ऐकलं. त्याने विचारलं, "देवा, पायाला पायाळू लागतो, हे खरं ना?"

उजवी पाकळी पडली.

खोत आवडूच्या दारात आला तो नम्रपणे आला. आजवर तो तिच्या ओटीवर चढला नव्हता. त्या दिवशी चढला, आणि अंगणातल्या फणसाचीही चौकशी केली. मग म्हणाला, की फाल्गुनातल्या अमावास्येला खांड भरायची आहे, तिच्यात तू उभं राहायचंस, देवाने तुझं नाव घेतलंय, गावावर उपकार होतील. धाकू हातातला थापीचा दांडा घेऊन उठला. आवडूने त्याला खाली बसवलं.

"कौल उजवा झाला की डावा?" तिने विचारलं.

"उजवा."

"मग देव बरोबर बोलला," ती म्हणाली. "तुम्हीच वाकडं ऐकलंत. पण येते मी."

खोताला काही समजलं नाही. ती येते म्हणाली एवढंच त्याने उचललं, आणि ओटीवरून उतरताना वाकून तिच्या पाया पडला. नंतर गावात बरीच वर्षं चेष्टा चालायची, की खोत आधी पाया पडला, मग त्याचा पाया पडायचा थांबला.

धाकू तिला म्हणाला, होडी आहे, पलीकडच्या तीरावर माझी बहीण आहे, आजच निघू. आवडू भाताचं आधण ठेवत होती. ती म्हणाली, "ज्याच्यावर रोज उभी राहते, त्याच्यावर एक दिवस उभं राहा म्हटल्यावर पळू?"

"अगो, तिथे तूच 'नाही' म्हणाली होतीस."

"होय. तेव्हा मी वरवर उभी होते."

धाकूला ते पटलं नाही. तुम्हालाही पटणार नाही.

अमावास्येच्या दिवशी, उजाडल्यावर, ओहोटीच्या वेळी आवडू खांडीत उतरली. दोन्ही काठांवर गाव उभं होतं. प्रत्येकाच्या पायाशी दगड होते. मुहूर्ताचा पहिला दगड धाकूच्या हातात होता, कारण गावात गवंडी एकच. आवडूने पदर खोचला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी 'आहे' म्हणेपर्यंत दगड टाकायचा नाही. आणि म्हटलं की टाकायचा. मी कुठे आहे ते बघत बसायचं नाही."

चिखल घोट्याला लागला, मग गुडघ्याला. विडा चघळून होण्याएवढा वेळ गेला. आवडू काही बोलली नाही. चिखल कमरेला आला. भोवतीच्या बिळांतून कुर्ल्या बाहेर आल्या आणि तिच्याभोवती गोल करून थांबल्या, शेकड्यांनी, नांग्या मिटून. खाडीतले बगळे उडाले नाहीत. पण सगळ्यांच्या चोची एकाच बाजूला वळल्या होत्या, देवळाच्या. भरती चढू लागली. पाणी आवाज न करता आलं. उधाणाचं पाणी आवाज करतं, पण त्या दिवशी ते मांजरीसारखं आलं. चिखल छातीला आणि पाणी गळ्याला, तरी आवडू उभीच. तिने डोळे मिटले नव्हते. कोणीतरी दुरून हाक मारतंय आणि ती नीट ऐकतेय, अशी ती दिसत होती.

ऐन दुपारी, माणसांच्या सावल्या त्यांच्याच पायांखाली गेल्या, तेव्हा पाणी तिच्या डोक्यावर मिटलं.

बुडबुडासुद्धा आला नाही.

खोत म्हणाला, टाक. धाकू म्हणाला, तिने म्हटलं नाही. खोत म्हणाला, आता ती काय म्हणणार, टाक, भरती फिरली की आठवा बांधही गेला.  पण धाकू टाकेना. काठावरच्या बायका रडायच्या थांबल्या, कारण रडण्याचा आवाजच होत नव्हता. तोंडं उघडत होती आणि आवाज तिथल्या तिथे विरत होता. असा किती वेळ गेला ते कोणाला सांगता आलं नाही. सूर्य मात्र जागचा हलला नव्हता, असं म्हणतात.

मग ते आलं.

ते कानांनी ऐकू आलं नाही, याबद्दल सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत आहे, आणि त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. ते तळपायांतून आलं. दोन्ही काठांवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या टाचेतून वर चढलं, गुडघ्यात घुमलं, दातांपर्यंत आलं.

"आहे."

आवाज आवडूचा होता, असं काही म्हणतात. काही म्हणतात, आवडूचा होता, पण एकटीचा नव्हता.

धाकूने आयुष्यभर ओळंबा न लावता एकही दगड ठेवला नव्हता. या पाण्यात ओळंबा कुठे लावणार? जिथे त्याची बायको उभी होती, बरोबर त्याच जागी तो दगड टाकायचा होता. त्याने डोळे मिटले आणि हात सोडले.

दगड पाण्यात गेला. आणि खालून आवाज आला, टण्ण. दगडावर दगड आपटल्याचा. सात वर्षांत त्या खांडीतून असा आवाज कधी आला नव्हता.

मग गाव थांबलं नाही. दगडामागून दगड पडत राहिले. एकही चिखलात गेला नाही. जणू खाली कोणी तो हातात घेऊन जागी बसवत होतं. ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता, आणि नंतर धाकूने ओळंबा लावून पाहिला तर तो केसाएवढाही वाकडा नव्हता. पण त्या संध्याकाळी त्याने ओळंबा लावला नाही. तो घरी जायला निघाला खरा. रिकाम्या घरात काय जायचं?

वाटेत देवळाशी भिवा गुरव उभा होता. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. गाभाऱ्याचं कुलूप त्याने आताच काढलं होतं, आणि आतून ओल्या पावलांची रांग बाहेर आली होती. काळ्या चिखलाची पावलं. ती पिंडीपाशी सुरू होत होती. पिंडीपर्यंत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

धाकू त्या पावलांवर पाऊल ठेवत चालू लागला. ती त्याच्याच दारात गेली. आत चूल पेटली होती आणि आवडू फुंकणीने जाळ करत बसली होती. केस कोरडे, लुगडं कोरडं. पायांखाली मात्र पाण्याचं थारोळं.

"पेज घ्या," ती म्हणाली. "निवायला आलीय."

धाकू उंबऱ्यावरच बसला. पेजेची वाटी हातात आल्यावर त्याने विचारलं, "खाली किती होतं गो?"

"मोजलं नाही. आधी 'नाही' होतं. पुष्कळ होतं. मी म्हटलं, आता पाय काढते." तिने फुंकणी खाली ठेवली. "तेवढ्यात 'नाही'च्या खाली 'आहे' लागलं."

"म्हणजे कातळ?"

आवडूने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पेजेची वाटी तोंडाला लावली.

पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण तिचे पाय कधी कोरडे झाले नाहीत. वैशाखातल्या उन्हातही ती चालली की मागे ओली पावलं उमटायची, आणि त्यांवरून चालायला कोणी धजायचं नाही. धाकू मात्र रोज सकाळी त्याच पावलांवर पाय ठेवत तिच्यामागून देवळात जायचा, जमिनीला हात लावायचा आणि म्हणायचा, "आहे." ओळंबा त्याने सोडला नाही. पण आधी विचारायचं आणि मग ओळंबा लावायचा, असं त्याने ठरवलं. खोताने बांधावर स्वतःच्या नावाचा एक दगड कोरून बसवला. सगळ्या बांधात तेवढा एकच दगड दर वर्षी चिखलात जायचा. शेवटी त्याच्या मुलांनी तो काढायचा नाद सोडला.

एका अमावास्येला ओली पावलं देवळात गेलेली दिसली. बाहेर आलेली दिसली नाहीत. धाकूने त्या दिवशी शोध घेतला नाही, आणि तो रडलाही नाही. त्याने गाभाऱ्याच्या उंबऱ्याला कान न लावता तळपाय लावला, आणि मग घरी जाऊन स्वतःच पेज केली.

कोंडखारचा बांध अजून आहे. उधाणाच्या दिवशी, दुपारी, त्याच्यावरून जाणारा माणूस चपला हातात घेतो. मोटारसायकलवाले उतरतात, तेही घेतात. आणि गावात घर बांधायचं असलं की पहिला दगड बसवण्याआधी त्या घरातली बाई पायाच्या चरात अनवाणी उभी राहते. गवंडी वरून विचारतो, "आहे का?" मग सगळे गप्प होतात. ती उत्तर देत नाही, तिने द्यायचं नसतं. मधे एकदा बाहेरून आलेल्या कोणा साहेबांनी हे सगळं न करता गावाच्या वेशीवर एक गोदाम बांधलं. ते आहे अजून. त्याच्या दारातून बैल सरळ आत जात नाहीत, कारण दारच सरळ राहिलेलं नाही.

चर उन्हाळ्यात खणतात, तेव्हा तो कोरडा ठणठणीत असतो. तरी विडा चघळून होण्याएवढ्या वेळाने बाईला हात देऊन वर घेतात, आणि आधी सगळे तिच्या पायांकडे बघतात.

पाय ओले असले की गवंडी दगड उचलतो.