मिरी वेचणारा पाहुणा

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील अडसरघरात आचारी होता. राजमुद्रेवाचून उतरलेल्या परदेशी माणसांना या घरात ठेवीत. त्यांचा अपराध काही नसे; ते कोण, एवढेच ठाऊक नसे. नगरातला कोणी ओळखीचा गृहस्थ जामीन राहिला तर माणूस सुटे. तो पळाला तर जामीनदाराने त्याच्या जागी बसायचे. कोणीच न मिळाल्यास वारा फिरताच त्याला परत धाडीत.

सिंहलद्वीपाचा रेवत नावाचा दोर वळणारा तेथे चार महिने होता. गलबत फुटले, त्यात त्याची मुद्रा बुडाली. त्याची बायको दुसऱ्या होडीने वाचून तीन कोसांवर कोळ्यांच्या वस्तीत राहिली होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि वारा फिरायला आठवडाही उरला नव्हता.

बोधिसत्त्व राजसभेत जाऊन म्हणाला, “महाराज, मी त्याला जामीन राहतो.”

अमात्याने विचारले, “आचारीबुवा, याच्या बापाचे नाव काय?”

“ठाऊक नाही.”

“गाव? कूळ?”

“तेही नाही.”

“मग ओळख कसली? पेजेची?”

“पेजेचीच,” बोधिसत्त्व म्हणाला. “तो मिरी वेचून पानाच्या कडेला ठेवतो. शेजारचा म्हातारा जेवल्याशिवाय घास घेत नाही. मागचे कुंपण वाऱ्याने पडले, तेव्हा यानेच दोर वळून ते पुन्हा बांधून दिले. स्वतःलाच कोंडणारे कुंपण, महाराज.”

राजाने रेवताला बोलावून विचारले, “तू याला ओळखतोस?”

“काका डाव्या पायाने लंगडतात. पेज करपली की समजतो, आज काकूंना बरे नाही.”

राजा हसला. “अमात्य, इतकी ओळख तुमची-माझी तरी आहे का?”

दर आठव्या दिवशी हजेरी द्यावी, या अटीवर रेवत सुटला.

आठव्या दिवशी दुपार टळली तरी तो आला नाही. अमात्याने अडसरघरात चटई घालायला सांगितले. बोधिसत्त्व तिच्यावर जाऊन बसला आणि तेथेच तांदूळ निवडू लागला. उन्हे उतरताना रेवत धापा टाकत आला. त्याच्या हातात झाकलेले मडके होते.

“काका, दुपारी मुलगी झाली. तिच्या आईची सुटका झाल्याशिवाय पाय निघेना. ही पेज तुमच्यासाठी.”

बोधिसत्त्वाने घोट घेतला. “मिरी कुठे गेली?”

“वेचून काढली, काका. एकेक, मुद्दाम.”

जन्मभर मिरी आवडीने खाणारा बोधिसत्त्व ती पेज शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

हे ऐकून राजाने ठरवले की अडसरघरात ज्याने ज्याला अन्न वाढले, त्याची ओळख खरी धरावी.

दूरदेशीच्या एका भिक्खूला ‘याला कोण ओळखतो?’ म्हणून विहाराच्या दाराशी थांबवले होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे आनंद. रेवत म्हणजे दाराशी बसलेला हा पाहुणा. आचारी मीच होतो.” अमात्य कोण, ते त्यांनी सांगितले नाही, पण दार राखणारा भिक्खू उठला आणि पाहुण्याचे पात्र भरू लागला.

या गुणाला मैत्री म्हणतात. निदान मला तरी याहून नेमके नाव सापडलेले नाही.