वैद्यबुवांनी गिळलेला शब्द

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, कोण जाणे. गोष्टीतल्या औषधी पानांचा रंगसुद्धा मी चुकत असेन. पण फार फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात हे घडलं, एवढं मी ऐकलं होतं.

तिथल्या रानात राखाडी, लवदार पानांचं एक झुडूप उगवे. पान चुरडलं की उग्र वास येई. त्या वासाच्या तेलातच त्याचा गुण होता. ते खोकला थांबवी, अंगाचा घाम आटवी आणि बाईच्या अंगावरचं दूधही आटवी. गावच्या वैद्यबुवांना हे तिन्ही गुण ठाऊक होते.

एका घरात बाळंतीण खोकून हैराण झाली. तिच्या सासूने वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी पानं दिली.

"काढा झाकण ठेवून उकळा, आक्का. नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जाईल."

"आणि किती दिवस द्यायचा?"

वैद्यबुवा अडखळले. बाळंतिणीच्या घरात दूध आटण्याचं नाव काढायचं नाही, अशी तिथली रीत होती. नाव काढलं की तसंच घडतं, असं लोक मानत.

"बेताने द्या," ते म्हणाले.

"बेताने कशाला? माझ्या सुनेसाठी मी हात आखडता घेईन होय?" सासू हसली.

वैद्यबुवाही कसंनुसं हसले आणि निघाले.

खोकला लवकरच थांबला. गुण आला म्हणून सासूने पानं वाढवली, काढा चालूच ठेवला. मग बाळ रडू लागलं. दृष्ट लागली असेल म्हणून तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या.

"आत्याबाई, अंगावर काही येतच नाही हो," सून म्हणाली.

"गप! असलं बोलू नये."

वैद्यबुवांच्या कानावर गेलं तेव्हा उशीर झाला होता. अशक्तपणाने बाळाचं रडणंही थांबलं होतं. त्यांनी काढा बंद करून शेळीचं दूध पाजायला लावलं, पण ते त्याला पचलं नाही. घरातला पाळणा उतरवला गेला.

"पानांनी दूध आटतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?" सासूने विचारलं.

"होतं. पण तुमच्या घरात ते बोलायचं नव्हतं."

"मग अंगणात बोलायचं होतंत."

 

अशुभ म्हणून जो इशारा आपण गिळतो, तोच अशुभाला घरात आणतो.

पुष्कळ वर्षांनी मी सेज नावाच्या विलायती औषधी वनस्पतीचं झुडूप पाहिलं. पानं राखाडीच होती. आणि मूल अंगावरून तोडताना बायका त्यांचा काढा मुद्दाम घेत आल्या आहेत, हेही खरं निघालं.