धारेच्या दगडातला खळगा

“खोट असेल तर हिच्या हातात आहे. माझ्या धारेत नाही!”

एकदा एक थोरली शिष्या आपल्या वृद्ध गुरूसमोर अशी कडाडत होती. गुरू बाई होती. बांबूच्या टोपल्या अन् सुपं विणण्यात तिचं आयुष्य गेलेलं. सगळे तिला आक्का म्हणत. अंगणाच्या कडेला ठकू नावाची दुसरी शिष्या डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून बसली होती. सकाळी बांबू चिरताना कोयता निसटला आणि अंगठ्यात रुतला. आता थोरलीचं म्हणणं एकच होतं, की ठकूला घरी धाडा. ठकूला दुसरी विद्या येत नव्हती. घरी जाणं म्हणजे तिचं सगळंच संपणं.

त्या ठिकाणी रीत अशी की सर्वांच्या कोयत्यांना धार लावायची ती थोरलीनेच. दुसऱ्या कोणी दगडाला हात लावायचा नाही. मान होता तो, आणि तो मिरवायला तिला फार आवडे.

“दगड मी स्वतः निवडला आहे, आक्का,” ती म्हणाली. “व्यापाऱ्याने ओळीने मांडले होते. एकेकावर नख फिरवून मी सर्वांत मऊ उचलला. धार बघा, तोंड दिसतं तीत!”

“तोंड दिसतं खरं,” आक्का म्हणाली. “ठकूने तुला आधी काही सांगितलं होतं का?”

“कोयता घसरतो म्हणे! मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.”

आक्का उठली. तिने गेरू कालवला आणि त्या मऊ दगडाच्या तोंडावर चांगला चोपडला. मग फरशीवर ओली वाळू पसरून दगड पालथा घातला आणि दोन्ही हातांनी खसाखसा घासू लागली.

“आक्का! वेड लागलं का? असला दगड, आणि वाळूवर?”

“लागलं. तू गप्प बस.”

थोड्या वेळाने तिने दगड उताणा केला. चारी कडांचा गेरू पार निघून गेला होता. मध्यभागी मात्र लाल डाग जसाच्या तसा. वाळू तिथवर पोचलीच नव्हती.

“बोट फिरव,” आक्का म्हणाली. थोरलीने फिरवलं. बोट खाली उतरलं आणि पुन्हा वर चढलं. तिचा चेहरा उतरला.

“दगड लोखंडाला झिजवतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,” आक्का म्हणाली. “लोखंडही दगडाला झिजवतं, ते मात्र घासणारीला दिसत नाही, कारण तिची नजर पात्यावर. मध्ये घासणं सोयीचं, म्हणून तू रोज मध्येच घासलंस. खळग्यातली धार चकाकते, पण तिला पोट सुटतं, ती गोलावते, आणि बांबूत शिरायच्या ऐवजी त्याच्या पाठीवरून घसरते. मऊ दगड निवडलास, त्यात चूक नव्हती. पण दगडालाही अधूनमधून खरखरीत जागी घासून सपाट करावं लागतं, अन् ते तुला कमीपणाचं वाटलं. आपण लोकांना जोखतो त्या अकलेचंही असंच असतं, बाई. अंगण वाकडं म्हणालीस ना? अगं, ते वाकडंच होतं. सांगायला आली होती ती, आणि तू तिलाच नाचायला शिकवलंस.”

थोरलीने मान खाली घातली, तरी जीभ अजून वळवळत होती. “पण... कोयता तरी जरा घट्ट धरायचा होता हिने.”

आक्काच्या आधी ठकूच बोलली. चिंधीचा हात पदराआड घेत हळूच म्हणाली, “जाऊ द्या, आक्का. माझाच हात हलला असेल. ताईंना कशाला बोल? मी कोयता घसरतो असं म्हटलं, ते उगीच आपलं.”

सुटका अशी आयती समोर आली होती. होय म्हटलं असतं तर थोरलीचा मान राहिला असता, आणि आक्कानेही बहुधा विषय वाढवला नसता. थोरलीने तोंड उघडलं. पण पदराआडच्या त्या हाताकडे तिची नजर गेली आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वर बघणं तिला जमेना. लाल डागावर बोट तसंच ठेवून ती म्हणाली, “नाही गं ठकू, तू मला नीट सांगितलं होतंस, आणि मी चारचौघींत तुला हसले.”