धाकूने निवडलेले वासे

एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याच्या बायकोचं नाव आवडी. तिचा शब्द वेगळा होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

धाकूच्या परसाला लाकडी कुंपण होतं. खांब धड होते, पण त्यांना बांधलेले आडवे वासे पार कुजले होते. शेजारच्या जनाकाकीचा बोकड खुशाल आत यायचा. आत दुधीचा वेल होता, आवडीच्या आईच्या हातच्या बियाण्याचा. आई गेली, माहेरचा वेलही गेला. या वेलावर आता एकच दुधी उरला होता. तो आवडीने बियाण्याला राखला होता. दिवसातून दहा वेळा ती त्याच्यावरून हात फिरवायची. धाकूवरून तिने असा हात फिरवल्याचं कुणाला आठवत नाही.

"अहो, वखारीत जा नि आडवे वासे निवडून आणा," ती म्हणाली. "सरळ बघून आणा. वाकडं एक नको."

वाटेत कुणीतरी शेवगा तोडून टाकला होता. फांद्या अगदी सरळ. धाकूने त्याच उचलल्या, वखारीपर्यंत कशाला जायचं? बोकडाने आधी पाला खाल्ला, मग साल खाल्ली, मग फांद्या मोडून आत डोकावला. आवडी काठी घेऊन धावली म्हणून दुधी वाचला.

"अहो, ओलं लाकूड लावतात का कुणी? नेहमी वाळलेलं घ्यावं!"

"हे आधी सांगायचं!" म्हणत धाकूने पंच्याला गाठ मारली. गाठ मारली की तो विसरत नसे. तेच तर दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओढ्यात भिजत घातलेला काथ्या आणायला पाठवलं. वासे त्या काथ्यानेच बांधायचे होते. धाकूने पाण्यात हात घातला. काथ्या ओला! त्याने गाठ चाचपली, काथ्या खडकावर पसरला आणि दिवसभर राखण करत बसला. घरी आणला तेव्हा तो इतका कडक झाला होता की गाठच बसेना.

"अहो, बांधायचं ते ओलंच बांधायचं! वाळताना आवळतं."

"हे आधी सांगायचं!" दुसरी गाठ.

मग वखारीला जाताना भाकऱ्या फडक्यात बांधायच्या होत्या. धाकूने त्या आधी घागरीत बुचकळल्या.

वखारीत पोचल्यावर त्याने सगळ्यात वाळलेला ढीग शोधला.

"अरे, ते जळण आहे!" वखारवाले नाना म्हणाले.

"वाळलेलं आहे ना?"

"आहे की."

"मग द्या."

घरी बोकडाने त्या वाशांना नुसती पाठ घासली. वाशांचा भुगा झाला. आतून भुंग्याने खाल्लेले होते. आवडीने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, ठोकून बघायचं! भरीव वाजलं तर ठेवायचं. पोकळ वाजलं तर समजायचं, आतून किडलंय. फोडायचं नि चुलीत घालायचं!"

"हे आधी सांगायचं!" तिसरी गाठ.

या खेपेला धाकूने वखारीतला एकेक वासा ठोकला. नानांचं टक्कलही ठोकलं. भरीव वाजलं. नानांनी त्याला घाईघाईने चांगले वासे काढून दिले आणि वाटेला लावलं.

कुंपण झालं. ओल्या काथ्याने आवळलेलं, एकदम भक्कम. बोकडाने धडक दिली आणि तो स्वतःच मागे बसला. आवडीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शहाणे आहात हो तुम्ही," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि जनाकाकीला कुंपण दाखवायला बोलवायला गेली.

धाकूला आभाळ ठेंगणं झालं. हातातल्या काठीने त्याने खांब ठोकला. भरीव. पायरी ठोकली. भरीव. उखळ ठोकलं. भरीव. मग वेलावर वाळून खडखडीत झालेला दुधी ठोकला.

आवडी परत आली. चूल ढणढण पेटली होती. वेल मोकळा होता.

"दुधी कुठंय?"

"वाचलो गं आपण!" धाकू म्हणाला. "किडका होता. पोकळ वाजत होता. फोडून बघितला, तर आत काही म्हणजे काही नाही. नुसत्या बिया!"